पीस : रचना, प्रकाश आणि संगणकावरचे चित्र

पक्ष्याचे पीस संगणकावर उभे करणे अवघड का जाते, याचे कारण त्याच्या जातकुळीत आहे. केस ही रेषा असते. कातडी, पान, कापड हे पृष्ठभाग असतात. संगणकीय चित्रणाची साधने मुख्यतः या दोन प्रकारच्या वस्तूंसाठी घडत आली. पीस दोहोंपैकी कशातच बसत नाही. दुरून ते सपाट पाते दिसते, जवळ घेतले की ते शेकडो रेषांचे बनलेले आढळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेषांनाही फांद्या फुटलेल्या दिसतात. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर वापरावे हा प्रश्न पुढचा. आधी ठरवायचे असते ते हे, की या रचनेतला कोणता थर प्रत्यक्ष आकार म्हणून घडवायचा, कोणता चित्र म्हणून वर चढवायचा आणि कोणता केवळ गणिती सूत्रावर सोपवायचा. या व्याख्यानातील सगळे विवेचन त्या वाटणीभोवती आहे. उदाहरणासाठी मुख्यतः पारवा घेतला आहे. तो सगळ्यांच्या पाहण्यातला आहे, त्याच्या अंगावर साधी करडी पिसेही आहेत आणि मानेवर रंग पालटणारी पिसेही आहेत.

पिसाच्या मधोमध दांडा असतो. त्याचा बुडाचा भाग पोकळ असतो आणि कातडीत रुतलेला असतो. वरच्या भागाला दोन्ही बाजूंनी तिरपे तंतू फुटतात आणि प्रत्येक तंतूला पुन्हा दोन्ही बाजूंनी उपतंतू. पिसाच्या टोकाकडे वळलेल्या उपतंतूंना अतिसूक्ष्म आकडे असतात, बुडाकडे वळलेल्या उपतंतूंची कड पन्हळीसारखी दुमडलेली असते. एका तंतूचे आकडे शेजारच्या तंतूच्या पन्हळीत अडकतात आणि सुट्या तंतूंचे सलग पाते तयार होते. पक्षी चोचीने पिसे साफसूफ करत बसतो तेव्हा सुटलेले आकडे तो परत अडकवत असतो. दांड्याच्या बुडाजवळच्या तंतूंना मात्र आकडे नसतात. तेथे पिसाचा पिंजलेला, मऊ भाग असतो आणि त्याचे काम ऊब धरून ठेवण्याचे. म्हणजे एकाच पिसावर दोन पोत नांदतात, आणि नवशिक्याच्या मॉडेलमध्ये दुसरा पोत हटकून गायब असतो. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात पिसांचे सूक्ष्मदर्शकाखालचे रूप चितारले होते. पिसाचे मॉडेल करणाऱ्याने आजही तेवढ्या जवळून एकदा पाहिले पाहिजे, मग त्यातले बहुतेक सोडून द्यायचे असले तरी.

सर्व पिसे सारखी नसतात. पंखाच्या कडेची लांब उड्डाणपिसे ताठ असतात आणि त्यांचा दांडा मधोमध नसतो. वारा कापणाऱ्या पुढच्या बाजूचे पाते अरुंद, मागचे रुंद. पारव्याच्या प्रत्येक पंखाच्या टोकाकडे अशी दहा प्राथमिक उड्डाणपिसे असतात, आणि बाहेरच्या पिसाकडून आतल्या पिसाकडे येताना दांड्याचा हा तिरकसपणा कमी होत जातो. शेपटीची पिसे बारा. मधल्या जोडीचा दांडा जवळजवळ मध्यावर असतो. अंग झाकणारी पिसे लहान, बाकदार आणि बुडाशी पिंजलेली. त्यांच्याखाली दांडा नावापुरताच असलेली मऊ पिसे. एकंदर संख्या किती? पक्ष्यांची पिसे मोजण्याचा चिकाटीचा उद्योग अमेरिकेत १९३०च्या दशकात झाला. त्यात लालकंठी हमिंगबर्डच्या अंगावर ९४० पिसे भरली, तर टुंड्रा हंसाच्या अंगावर २५,२१६. पारवा या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी बसतो.

आता एक हिशेब. समजा, एका पक्ष्याची ३,००० पिसे घडवायची आहेत आणि प्रत्येकाला २०० तंतू द्यायचे आहेत. तंतूंची संख्या ६ लाख होते, आणि एवढ्या वक्ररेषा आजचा चांगला संगणक सांभाळतो. प्रत्येक तंतूला २०० उपतंतू दिले की संख्या १२ कोटींवर जाते. पक्षी एकच असेल तर तेही एकवेळ जमेल. थवा असेल तर नाही. शिवाय उपतंतू इतके बारीक असतात की पक्षी संपूर्ण दिसत असताना त्यांचे शेकडो एका पिक्सेलमध्ये मावतात. म्हणून दांडा आणि तंतू हे आकार म्हणून घडवायचे आणि उपतंतू प्रकाशाच्या सूत्रात विरघळवायचे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली आहे.

एक पीस घडवण्याची रीत सॉफ्टवेअर बदलले तरी फारशी बदलत नाही. ब्लेंडर, माया, हुडिनी यांपैकी काहीही असो, सुरुवात दांड्याच्या वक्ररेषेपासून होते. ती रेषा सरळ ठेवणे ही पहिली चूक. खऱ्या दांड्याला बाजूकडेही बाक असतो आणि आतल्या, अंगाकडच्या बाजूलाही. तो बुडाशी जाड आणि टोकाशी केसाइतका बारीक होत जातो, उड्डाणपिसांत त्याचा छेद चौकोनाकडे झुकतो आणि खालच्या अंगाला त्यावर लांबट खाच असते. दांड्यानंतर पात्याच्या दोन बाह्यरेषा काढायच्या. मग दांड्यावर ठरावीक अंतराने बिंदू पेरायचे, प्रत्येक बिंदूपासून एक तंतू निघेल आणि बाह्यरेषेपाशी संपेल अशी व्यवस्था करायची. तंतूचा दांड्याशी होणारा कोन बुडाकडे मोठा आणि टोकाकडे लहान होत जातो. हा उतार नीट साधला नाही तर पीस नारळाच्या झावळीसारखे दिसू लागते. ब्लेंडरमध्ये हे काम जॉमेट्री नोड्सने होते. वक्ररेषेचे समान तुकडे पाडायचे, प्रत्येक बिंदूवर दुसरी वक्ररेषा बसवायची आणि तिची लांबी, कोन, बाक हे सगळे दांड्यावरील स्थानावरून काढायचे. हुडिनीच्या २०२३ मध्ये आलेल्या २०व्या आवृत्तीत पिसांसाठी स्वतंत्र साधनेच देण्यात आली.

या रीतीमागे संशोधनाचा बराच इतिहास आहे. १९९५ मध्ये कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांच्या पिसांवरील नक्षी गणिताने निर्माण करण्याचा एक प्रयत्न प्रसिद्ध झाला. खरी भर पडली ती २००२ मध्ये, एकाच वर्षी दोन ठिकाणांहून. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील स्ट्राइट आणि हाइड्रिख यांनी जीवशास्त्रीय मापांवर आधारलेले प्रारूप मांडले. त्यात कलावंताने अंगावरील निवडक जागी मुख्य पिसे ठरवायची आणि मधली सगळी पिसे त्यांच्या दरम्यान क्रमाक्रमाने बदलत जातील अशी व्यवस्था होती. त्याच वर्षी चेन, शू, गुओ आणि शम यांचा सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेतील निबंध आला. वनस्पतींच्या फांद्यांसाठी वापरली जाणारी एल-सिस्टिम ही व्याकरणासारखी नियमपद्धती त्यांनी पिसाच्या फांद्यांना लावली, आणि तंतूंच्या बारीक जाळीवरचा प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून नोंदलेल्या पोताच्या रूपाने हाताळला. आज व्यावसायिक साधनांत जे पर्याय सरकपट्ट्यांच्या रूपात दिसतात, त्यातल्या पुष्कळांची मुळे या दोन निबंधांत सापडतात.

इतके करूनही पीस खोटे वाटते, आणि त्याचे कारण बहुधा तपशिलाची उणीव नसते. कारण असते अतिरेकी नेटकेपणा. खऱ्या पिसात आकडे जागोजागी सुटलेले असतात, त्यामुळे पात्याला फटी पडतात. या फटी कशाही पडत नाहीत. एक तंतू शेजाऱ्यापासून सुटला की त्याच्या पलीकडचे दहा-वीस तंतू एकमेकांना धरून एका पट्टीसारखे वळतात. फट टोकाशी रुंद आणि दांड्याशी निमुळती असते. प्रत्येक तंतूला स्वतंत्र यादृच्छिक वळण दिले तर फट पडत नाही, पीस नुसते विस्कटलेले दिसते. म्हणून यादृच्छिकता तंतूंना न देता गटांना द्यावी लागते. आधी दांड्यावर काही तोडबिंदू निवडायचे, दोन तोडबिंदूंमधल्या सगळ्या तंतूंना एकच वळण द्यायचे आणि मग त्यावर अगदी थोडा वैयक्तिक फरक. या एका सुधारणेने पिसाच्या खरेपणात जेवढा फरक पडतो, तेवढा उपतंतू घडवण्यात घालवलेल्या आठवड्याने पडत नाही.

झीजही अशीच नियमाने होते. कृष्णरंजक, म्हणजे मेलॅनिन, पिसाला बळकटीही देते. म्हणून कित्येक समुद्रपक्ष्यांच्या पंखांची टोके काळी असतात. पांढरा भाग आधी झिजतो, काळा टिकतो. ठिपकेदार पिसाची कड त्यामुळे करवतीसारखी होते, पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी खाचा पडतात. हे चित्रात आणले तर पक्ष्याचे वयही दिसू लागते.

दुसरी वाट सपाट पट्टीची. चौकोनी किंवा पिसाच्या आकाराची पातळ जाळी घ्यायची, तिच्यावर पिसाचे चित्र चढवायचे आणि चित्राच्या अल्फा वाहिनीने बाहेरचा भाग अदृश्य करायचा. दूरच्या पक्ष्यांसाठी आणि खेळांसाठी ही पद्धत अजूनही योग्य आहे. चित्र मिळवण्यासाठी खरे पीस स्कॅनरवर ठेवणे सर्वांत सोपे. मात्र एकदा उजेड वरून आणि एकदा खालून, असे दोनदा टिपले पाहिजे, कारण पिसातून आरपार येणारा रंग परावर्तित रंगाहून वेगळा असतो. पिसे गोळा करण्यालाही कायद्याच्या मर्यादा आहेत. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यानुसार बहुतेक रानपक्ष्यांचे गळून पडलेले पीसही जवळ बाळगता येत नाही, आणि भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विचार करावा लागतो. पाळीव कोंबडी, बदक, टर्की यांची पिसे निर्धोक. पाहून अभ्यास करायचा असेल तर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांतील जतन केलेले नमुने उपयोगी पडतात. पिसांच्या रांगा कशा बसतात हे छायाचित्रापेक्षा तेथे अधिक कळते.

रंगाचा विषय दोन भागांत पडतो, कारण पिसात रंग दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग रंजकद्रव्याचा. मेलॅनिनमुळे काळा, करडा, तपकिरी आणि तांबूस. कॅरोटिनॉइडमुळे पिवळा, केशरी, रोहित पक्ष्याचा गुलाबी. पोपटांचे लाल-पिवळे रंग मात्र त्यांच्याच कुळात आढळणाऱ्या वेगळ्या द्रव्यांचे. हे रंग चित्र म्हणून चढवता येतात, कारण कोन बदलला तरी ते फारसे पालटत नाहीत. दुसरा मार्ग रचनेचा. त्यात द्रव्य नसते. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाच्या सूक्ष्म थरांतून किंवा पोकळ्यांतून परावर्तित झालेले किरण एकमेकांत मिसळून ठरावीक रंग उठून दिसतो. पोपटाचा हिरवा रंग दोन्हींचा मिलाफ असतो, पिवळ्या द्रव्याखाली रचनेचा निळा.

रचनेच्या निळ्यातही दोन प्रकार आहेत आणि चित्रणासाठी हा भेद निर्णायक ठरतो. नीलपंख, ज्याला चासही म्हणतात, त्याच्या पंखांचा निळा कोणत्याही बाजूने पाहिला तरी साधारण निळाच राहतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास मांडला होता. तो रंग तंतूंमधल्या केराटिनच्या स्पंजासारख्या रचनेतून येतो. अशा पिसाला साधा निळा रंग देऊन काम भागते. मोराचे तसे नाही. त्याच्या उपतंतूंमध्ये मेलॅनिनच्या काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. २००३ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की या काड्यांमधले अंतर किंचित बदलले की रंग बदलतो. निळ्या भागात ते सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. दहा-पंचवीस नॅनोमीटरच्या फरकात मोरपिसाचा अख्खा डोळा सामावलेला आहे.

पारव्याच्या मानेची गोष्ट आणखी सोपी, म्हणून शिकण्यासाठी उत्तम. तेथे उपतंतूच्या बाहेरचे केराटिनचे पातळ आवरण पाण्यावरच्या तेलाच्या थरासारखे वागते. आवरणाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. आवरणाची जाडी एका पट्ट्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी असल्याने एक पट्टा हिरवा आणि दुसरा जांभळा दिसतो. आणि पाहण्याचा कोन बदलला की हिरवा जांभळा होतो व जांभळा हिरवा. २०२२ च्या सिग्राफ परिषदेत याच पिसांवर एक निबंध सादर झाला. त्यात उपतंतूंच्या आकारापासून आवरणाच्या जाडीपर्यंतची रचना विचारात घेऊन हा रंगपालट गणिताने काढला होता. सामान्य कलावंताला इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. ब्लेंडरच्या २०२४ मधील ४.२ आवृत्तीपासून मुख्य शेडरमध्येच, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल हे ठरवणाऱ्या सूत्रात, पातळ थराची जाडी आणि अपवर्तनांक देण्याची सोय आहे. जाडीसाठी काही शे नॅनोमीटरचे मूल्य द्यावे आणि ते एका सपाट चित्राने न देता पिसाच्या लांबीनुसार बदलावे. चमक नेहमी कमी ठेवावी. इंद्रधनुषी रंग मिळाल्याच्या आनंदात पारव्याची मान पेट्रोल सांडल्यासारखी रंगवलेली चित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. खऱ्या पारव्याच्या पिसांवर बारीक पूड असते, तिच्यामुळे सगळ्या रंगांवर एक मंद धूसरपणा येतो. तो शेडरमध्ये वेगळा द्यावा लागतो.

पिसांच्या रंगांचे हे ज्ञान जीवाश्मांनाही लागू पडले. मेलॅनिनच्या कणांचे ठसे काही जीवाश्मांत टिकून असतात. २०१० मध्ये चीनमधील पिसधारी डायनोसॉरांच्या ठशांवरून त्यांचे रंग अनुमानित करण्यात आले, आणि २०१२ मध्ये मायक्रोरॅप्टर हा चार पंखांचा छोटा डायनोसॉर कावळ्यासारखा झळाळीदार काळा असावा असा निष्कर्ष निघाला. माहितीपटांतल्या पिसधारी डायनोसॉरांच्या रंगांना त्यामुळे आधार मिळाला.

प्रकाश पिसावर पडतो तेव्हा नेमके काय होते, याचे सूत्र आधी केसांसाठी शोधले गेले. १९८९ मध्ये काजिया आणि के यांनी फरसाठी जे प्रारूप दिले, त्यात प्रत्येक केस म्हणजे बारीक दंडगोल आणि त्याची चमक शंकूच्या आकारात पसरलेली, अशी कल्पना होती. २००३ मध्ये मार्शनर आणि सहकाऱ्यांनी केसातला प्रकाश तीन वाटांनी वेगळा केला. एक वरूनच परतणारा, दुसरा आरपार जाणारा, तिसरा आत शिरून मागच्या भिंतीवरून परतणारा. आज बहुतेक सॉफ्टवेअरमधील केसांचे शेडर याच घराण्यातले आहेत, आणि पिसाच्या तंतूंना तेच लावले की काम बऱ्यापैकी भागते. बऱ्यापैकी म्हणण्याचे कारण असे की तंतू गोल नसतो. त्याचा छेद चपटा, उभट असतो, आत पोकळ कप्प्यांचा गाभा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उपतंतूंचे पंखे पसरलेले असतात. तंतूंच्या दिशेने पाहिले तर उपतंतू उघडे दिसतात, आडवे पाहिले तर तंतूंच्या कडा त्यांना झाकतात. म्हणून एकच पीस फिरवले की पात्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळसर होते, आणि थोडे आणखी फिरवले की उलट. २०२४ मध्ये स्पेनच्या सारागोसा विद्यापीठातील संशोधकांनी हे झाकणे आणि फटींतून प्रकाश जाणे यांसकट सगळे पाते एकाच पृष्ठभागाच्या सूत्रात बसवले. त्यामुळे तंतू न घडवताही पीस पिसासारखे उजळू लागले. ही दिशा महत्त्वाची आहे, कारण दूरच्या पक्ष्याला तेवढेच पुरते.

आरपार जाणारा प्रकाश विसरला जातो. उडणाऱ्या पारव्याच्या पंखाची खालची बाजू फिकी असते. सूर्य वर असताना ती छायेत राहत नाही. पिसांतून उजेड झिरपतो. जिथे दोन पिसे एकमेकांवर येतात तिथे तो निम्म्याहून कमी होतो आणि पंख्यासारख्या गडद पट्ट्या दिसतात. पट्ट्या दिसल्या नाहीत तर पंख पुठ्ठ्याचा वाटतो.

एक पीस नीट जमले म्हणजे काम संपत आले असा समज असतो. प्रत्यक्षात कष्टाचा मोठा भाग मांडणीत जातो. जर्मन शास्त्रज्ञ निट्झ यांच्या १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने हे स्पष्ट केले की पक्ष्याच्या अंगावर पिसे सर्वत्र उगवत नाहीत. ती ठरावीक पट्ट्यांत उगवतात आणि मधल्या उघड्या जागा शेजारच्या पिसांनी झाकल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण अंगावर पिसे पेरणे सोपे असते, आणि पिसे दाट असतील तर चूक लगेच दिसत नाही. पक्षी मान वळवतो, पंख उचलतो तेव्हा दिसते, कारण खरी पिसे पट्ट्यांसह सरकतात. मांडणीचे काम साधारण असे होते. आधी अंगाच्या जाळीवर मार्गदर्शक पिसे ठेवायची, प्रत्येक भागात दहा-बारा पुरतात. त्यांची दिशा चोचीपासून शेपटीकडे विंचरायची. मग घनता, लांबी आणि उभारी यांचे नकाशे जाळीवर रंगवायचे, आणि मधली पिसे साधनाने भरायची. डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन विभागात तयार झालेले आणि नंतर मायामध्ये आलेले एक्सजेन याच कामाचे.

यातली खरी अडचण पिसे एकमेकांत घुसण्याची आहे. केस एकमेकांतून गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही, पिसांचे पाते दुसऱ्या पात्याला कापून गेले की लगेच खटकते. उपाय क्रमाचा. शेपटीकडून सुरुवात करून पुढे पुढे यायचे. प्रत्येक नवे पीस आधीच्या पिसांना टेकेपर्यंत खाली दाबायचे आणि टेकले की थांबवायचे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅनिमल लॉजिक या स्टुडिओने २०१० च्या ‘लेजंड ऑफ द गार्डियन्स’ या घुबडांवरील चित्रपटासाठी क्विल नावाची स्वतःची पिसप्रणाली बांधली होती. ती स्वतःच बांधावी लागली, यावरूनच तयार साधने तेव्हा किती अपुरी होती हे कळते.

नक्षीचा प्रश्नही मांडणीत सुटतो, रंगात नाही. पारव्याच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात. पट्टा अंगावर रंगवलेला नसतो. ओळीतल्या प्रत्येक पिसावर ठरावीक जागी काळा भाग असतो आणि पिसे एकमेकांवर बसली की ते भाग जुळून पट्टा होतो. अंगाच्या जाळीवर पट्टा रंगवून तो रंग प्रत्येक पिसाला बुडाशी दिला, तर पट्टा पिसाच्या लांबीइतका मागे सरकतो आणि त्याची कड विरते. योग्य रीत म्हणजे दोन्हींचा मेळ. मोठा रंग अंगावरून घ्यायचा, नक्षी पिसावरून. आणि संदर्भाची छायाचित्रे पाहताना जागेकडे लक्ष हवे. युरोपातल्या पारव्याची पाठीमागची कंबर पांढरी असते, आपल्याकडच्या रानपारव्याची बहुधा करडी. युरोपीय छायाचित्रांवरून रंगवलेला पारवा मराठी गावातल्या देवळाच्या शिखरावर बसवला तर पक्षी ओळखणाऱ्याला तो परका वाटेल.

अंगावर पिसे किती दाखवायची, हा निर्णय संगणकाने निर्माण केलेला नाही. जहांगीराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर पक्षी चितारताना सगळी पिसे सारख्या ठळकपणे काढत नसे. पंखाच्या कडेला एकेक पीस मोजता यावे असे, छातीवर मात्र कुंचल्याचे नुसते स्पर्श. छातीची पिसे प्रत्यक्षातही तशीच दिसतात. त्यांच्या पिंजलेल्या कडा एकमेकांत मिसळतात. मॉडेलमध्ये या भागातली पिसे अधिक मऊ, कमी चमकदार आणि बाह्यरेषा हरवलेली ठेवली तर पक्षी खवल्यांचा दिसत नाही.

पंखाची गोष्ट निराळी. तेथे प्रत्येक पिसाला जागा ठरलेली आहे. प्राथमिक पिसे हाताच्या हाडांवर, दुय्यम पिसे कोपरापुढच्या हाडावर, अंगठ्याच्या जागी तीन-चार पिसांचा छोटा पंख, आणि या सर्वांच्या मुळांवर आच्छादक पिसांच्या तीन-चार ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. अल्ब्रेख्ट ड्यूररचे नीलपंखाच्या युरोपीय भाऊबंदाच्या पंखाचे जलरंगातले चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. पंखातल्या ओळींचा क्रम शिकायला त्याहून चांगला नकाशा मिळणे कठीण. वरून पाहताना आतले पीस बाहेरच्या पिसाच्या मागच्या पात्यावर बसते. पंख मिटताना उड्डाणपिसे पत्त्यांच्या जुडीसारखी एकाखाली एक सरकतात आणि प्राथमिक पिसे दुय्यम पिसांखाली जातात.

हालचालीसाठी उड्डाणपिसांना प्रत्येकी स्वतंत्र हाड देतात. कडेची आणि मधली काही पिसे हाताने हलवायची, उरलेली त्यांच्या दरम्यान आपोआप वाटली जातील अशी जोडणी करायची. फडफडीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पंख खाली येताना पिसे वर वाकतात आणि पाती एकमेकांवर घट्ट बसतात; पंख वर जाताना ती थोडी वळून उघडतात. हे वाकणे दांड्यात टोकाकडे जास्त, मुळाशी जवळजवळ शून्य. वाकण्याला लागणारा उशीर टोकाच्या पिसांत अधिक ठेवला की पंखात जीव येतो. घुबडाच्या पिसाची पुढची कड कंगव्यासारखी आणि पृष्ठभाग मखमली असतो, त्यामुळे त्याच्या पंखाला चमक फार कमी द्यावी. ससाण्याच्या पंखाचा शेडर त्याला लावला तर रंग बरोबर असूनही पक्षी चुकतो.

पिक्सारच्या २०१६ मधील ‘पायपर’ या लघुपटाने आणखी एक अवघड काम करून दाखवले, ते ओल्या पिसांचे. पाणी आले की अंगावरच्या पिसांच्या टोकाचे तंतू चिकटून झुपके होतात, पिंजलेला भाग बसतो, अंगाचा आकार लहान होतो आणि खालची कातडी डोकावू लागते. केवळ चमक वाढवून पीस ओले होत नाही. तंतूंचे टोक गटागटाने एका बिंदूकडे ओढणे, पिसाची उभारी कमी करणे आणि रंग गडद करणे ही तिन्ही कामे एकाच ‘ओल’ नकाशाला जोडली, तर पक्षी अर्धा भिजलेला दाखवता येतो.

अंतिम चित्र काढताना वेळ खातो तो पारदर्शकपणा. अल्फा असलेल्या पट्ट्या एकावर एक वीस-तीस आल्या की किरणाला प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावे लागते की येथे पीस आहे की मोकळी जागा. ब्लेंडरच्या सायकल्स या अंतिम चित्र काढणाऱ्या भागात पारदर्शक थरांची मर्यादा कमी ठेवली तर पिसांच्या मागे काळे डाग दिसतात, जास्त ठेवली तर वेळ वाढतो. म्हणून जवळच्या पक्ष्यासाठी खरे तंतू, पारदर्शकतेशिवाय, हेच पुष्कळदा स्वस्त पडते. एकसारखी पिसे वेगळी साठवण्याऐवजी एकाच साठवलेल्या पिसाकडे बोट दाखवणाऱ्या अनेक प्रती ठेवल्या की स्मृती वाचते. पाच-सहा वेगवेगळ्या पिसांच्या प्रती आलटून पालटून वापरल्या तर पुनरावृत्ती डोळ्याला कळत नाही.

अंतरानुसार रूप बदलणे हा शेवटचा टप्पा. जवळ तंतूंचे पीस, मध्यम अंतरावर चित्र चढवलेली बाकदार पट्टी, दूर फक्त अंगाची जाळी आणि तिच्यावर पिसांचा उठाव. एका रूपातून दुसऱ्यात जाताना रंग उडी मारतो, कारण तंतूंच्या फटींत शिरलेला प्रकाश पट्टीवर नसतो आणि पट्टी नेहमी थोडी उजळ निघते. तिन्ही रूपे एकाच उजेडात शेजारी ठेवून पट्टीचा आणि जाळीचा रंग तंतूंच्या पिसाशी जुळेपर्यंत गडद करून घेतात. खेळांमध्ये, जिथे एका क्षणचित्राला, सेकंदाला साठ या हिशेबाने, सेकंदाचा साठावा भागच मिळतो, तिथे जवळच्या पक्ष्यालाही पट्ट्याच द्याव्या लागतात. त्यांच्या कडा अर्धपारदर्शक न ठेवता पिक्सेल पूर्ण दिसेल किंवा पूर्ण वगळला जाईल अशा कापतात. त्यामुळे येणारा खरखरीतपणा मागच्या काही क्षणचित्रांशी सरासरी काढून घालवला जातो. पंख वेगाने हलत असताना ही सरासरी मागे पुसट ठसा सोडते, म्हणून उड्डाणपिसांच्या हालचालीचा वेग प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळा नोंदवून सरासरीच्या टप्प्याला पुरवावा लागतो.